परत करायचा डबा

उसनी आणलेली वस्तू एल्डन रासमुसेनच्या घरात मुक्कामाला राहत नसे. नेब्रास्कातल्या त्या एवढ्याशा गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या डॅरिलकडून खड्डे खणायचं यंत्र आणलं, की काम अर्धवट राहिलं तरी संध्याकाळी ते धुऊन, पातं परजून, टाकी भरून परत. "माझं यंत्र कुरकुरायला लागलं की मी मुद्दाम तुझ्या गळ्यात मारतो," डॅरिल म्हणायचा, "फुकटात दुरुस्त होऊन येतं!" एल्डनची बायको व्हर्ना त्याच्याही पुढची. तिच्या हातून कुणाचं भांडं रिकामं परत गेलं नाही. यंत्र परत जायचं तेव्हासुद्धा ती सोबत रानटी प्लमच्या जामची एक बरणी द्यायची.

व्हर्नाला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. तळघरात तिच्या हातच्या तीन बरण्या उरल्या होत्या आणि एल्डन त्यांना हात लावत नव्हता. पण टीव्हीखालच्या सेट-टॉप डब्यात ती होती, रेकॉर्ड केलेली. काउंटीच्या जत्रेत जामला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा तिथल्या वाहिनीची एक मुलगी माईक घेऊन आली होती. "असं काय घालता हो यात?" असं ती विचारते. व्हर्ना आधी हसते, मग म्हणते, "एल्डनला विचारा. तो पावाची वाटच बघत नाही, चमच्याने खातो." एवढंच. अर्धं मिनिटही नाही. रोज सहाच्या बातम्यांतलं हवामान संपलं की एल्डन रेकॉर्डिंगच्या यादीत जाऊन ते लावायचा, आणि मग जेवायला उठायचा.

पुढे डिशच्या कंपनीचं आणि त्या वाहिनीचं कशावरून तरी बिनसलं. एका सकाळी वाहिनीच्या जागी निळा पडदा आला आणि त्यावर लिहिलेलं, आम्हाला खेद आहे. खेद कसला डोंबलाचा! गारपीट कोणत्या अंगाने येते आहे हे सांगणारा माणूसच गायब झाला होता. मक्याचं शेत दुसऱ्याला कसायला दिलं तरी एल्डनचा जीव त्यात होताच. गावाने एकेक करून कंपनी बदलली. शेवटी ओमाहात राहणाऱ्या त्याच्या मुलीने, जोलीनने, फोनवरून त्याचंही ठरवून टाकलं.

"डॅड, माणूस सोमवारी येईल," ती म्हणाली. "मी रविवारी येते आणि आईचं ते माझ्या फोनवर उतरवून घेते. तोवर कशाला हात लावू नकोस."

माणूस गुरुवारीच आला. रँडी नाव, वयाने पन्नाशीचा, शिडी चढताना गुडघे धरणारा. "मधलं एक काम रद्द झालं, मिस्टर रासमुसेन. म्हटलं, तुमचं उरकून टाकू."

चाळीस मैलांवरून आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं, हे एल्डनला जमण्यासारखं नव्हतं. त्याने कॉफी टाकली. आणि घाई तरी कसली? जुना डबा तर इथेच राहणार. आत भरलेलं आतच राहतं, बरणीतल्या जामसारखं. रविवारी परत जोडला की झालं. असा त्याचा हिशेब, आणि रँडीला विचारावं असं काही त्याला त्यात वाटलंच नाही.

नव्या रिमोटने तासभर त्याचा अंत पाहिला. यादीचं बटण जिथे असायचं तिथे आता काहीतरी भलतंच होतं. ते दाबलं की पडदा स्पॅनिश बोलायचा. वैतागून त्याने जुना डबा जोडला. पडद्यावर अक्षरं आली: हे खाते बंद आहे. त्याने वायर काढून पुन्हा लावली. तीच अक्षरं. जुन्या कंपनीची फोनवरची बाई फार गोड बोलली आणि म्हणाली, नवी जोडणी सुरू झाली की जुनं खातं आपोआप बंद होतं, बंद झालं की आतलं काही दिसत नाही, आणि ते खातं आता उघडता येणार नाही. डबा मात्र कंपनीचा आहे, तीस दिवसांत परत हवा.

"चार दिवस, डॅड! चार दिवस त्या माणसाला थांब म्हणता आलं नाही तुला?" जोलीन ओरडली आणि मग फोनवरच रडायला लागली. "ठेवून घे तो डबा. पुढेमागे कुणीतरी उघडून देईल."

"आपला नाही तो, जोलीन."

"आई आहे त्यात!"



परत पाठवायचा खोका दोन दिवसांत आला. त्यावर पत्तासुद्धा चिकटवलेला होता. खोका दाराशी आणि डबा व्हर्नाच्या शिवणाच्या टेबलावर, असे दिवस जाऊ लागले. एकदा डॅरिल डोकावला. "काय रे, हे अजून इथेच? तब्येत बरी आहे ना तुझी?" मग त्याचं लक्ष टेबलाकडे गेलं. त्याने टोपी काढली, थोडा वेळ उगाच मक्याबद्दल बोलला आणि गेला.

एकोणतिसाव्या दिवशी एल्डनने डबा पुसला. जाळीतली धूळ जुन्या टूथब्रशने काढली. मग तळघरात उतरला आणि एक बरणी घेऊन आला. ती टॉवेलात गुंडाळून डब्याशेजारी बसवली आणि वर चिठ्ठी ठेवली: "डबा मुदतीत परत करत आहे. यादीत ऑगस्टच्या सहाच्या बातम्या आहेत, त्यात माझी बायको आहे. पुसण्याआधी कुणाला दिसली तर एकदा बघा. जाम तिचाच आहे."

पोस्टातल्या बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. "एल्डन, आत फुटण्यासारखं काही आहे का?"

"आहे," तो म्हणाला.

सहा वाजता नव्या डब्यावर हवामान नीट दिसलं. गारा उत्तरेकडून निघून जाणार होत्या. आता यादीचं बटणही त्याला न बघता सापडलं. यादी रिकामी होती. त्याने आवाज बंद केला आणि रिकाम्या खोलीत स्वतःच म्हणून बघितलं, "एल्डनला विचारा. तो पावाची वाटच बघत नाही, चमच्याने खातो." मग तो थांबला. ती हसायची ते नाव घेण्याआधी की नंतर, हे त्याला आठवेना. त्याने दोन्ही प्रकारे म्हणून बघितलं. दोन्ही खरंच वाटत होतं.