सेल उतरले की

स्वतःचं गाणं लागलं की रूबीताई उठून जायची. हॉटेलात चहा अर्धा टाकून जायची, लग्नात जेवणाचं ताट सारून जायची, आणि एकदा तर भर बाजारात रिक्षा थांबवून उतरली आणि आमच्या मस्तगड भागापर्यंत पायी गेली. बाकीचे गायक आपली कॅसेट वाजावी म्हणून हॉटेलवाल्याला पान खिलवतात. हिचं सगळं उलटं. रिक्षावाला बिचारा कौतुकानं आवाज वाढवायचा आणि ही म्हणायची, "बंद कर रे बाबा तिला." 'तिला' म्हणायची. 'मला' असं ती कधीच म्हणाली नाही.

रूबी हे तिचं ऑर्केस्ट्रातलं नाव. घरचं नाव सुमन. ऐंशीच्या दशकात ज्या गावाला थिएटर होतं त्या गावाला एखादा ऑर्केस्ट्राही होताच. जालन्यात आमचा होता. मी दिवसा शाळेत चित्रकला शिकवायचो आणि संध्याकाळी बोंगो वाजवायचो. आमच्या हेडमास्तरांच्या मते यातलं एकही काम धड नव्हतं. रूबीताई एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात निवडणीला जायची. बियाण्याला औषध लावतात, त्याचा गुलाबी रंग तिच्या बोटांवरून कधी गेला नाही. स्टेजवर ती चमचमती साडी नेसून यायची, निवेदक घसा ताणून सांगायचा, "आता येत आहेत खास मुंबईहून, मिस रूबी!" आणि पुढच्या रांगेत बसलेल्या निवडणीच्या बाया ओरडायच्या, "अगं सुमे, पदर नीट घे!" माइक धरलेली ती गुलाबी बोटं बघून जे समजायचं ते सगळे समजायचे.

आणि मग ती गायला लागायची. तिचा आवाज जाड होता. जाड म्हणजे चांगलाच जाड. पहिल्यांदा ऐकणारा माणूस पडद्यामागं कुणी पुरुष उभा आहे का म्हणून वाकून बघायचा. तिचे वडील जयंतीला भीमगीतं म्हणायचे, तेही माइकशिवाय. त्यांच्या मांडीवर बसून ही गाणं शिकली. ती म्हणायची, "आमच्या बाबाचं एकच सांगणं होतं मास्तर, गल्लीच्या शेवटच्या घरातल्या म्हातारीला ऐकू गेलं पायजे, अन् ती दचकली न्हाई पायजे." त्या आवाजात डिस्कोची गाणी ऐकणं म्हणजे काय ते सांगून कळणार नाही. लोक नाचायला उठायचे, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत नाच विसरून नुसतेच उभे राहायचे. थंडीत कुणीतरी मागून घोंगडी टाकावी तसं वाटायचं. मी बोंगो वाजवता वाजवता कितीदा चुकलोय. ती मागं वळून नुसती बघायची.

आमच्या सिंथेसायझरवाल्यानं तिच्यासाठी एक गाणं बांधलं होतं, 'मंठ्याची शेवटची गाडी गेली'. बाई स्टँडवर उशिरा पोहोचते, जालन्याजवळच्या मंठा गावाला जाणारी एसटी गेलेली असते आणि ज्याला भेटायचं तो माणूस त्या गाडीत असतो, एवढीच गोष्ट. पण आमच्या भागात ते गाणं असं चाललं की मंठ्याच्या गाडीचे कंडक्टरसुद्धा म्हणायला लागले. ते कुठूनतरी मुंबईच्या एका छोट्या कॅसेट कंपनीच्या कानावर गेलं. बोलावणं आलं. आम्ही सगळे गेलो. एका खोलीचा स्टुडिओ, दुपारची वेळ, बाहेर हातगाडीवाल्यांचा कालवा. कंपनीच्या माणसानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर मंठा काढून टाकला. "मंठा कुणाला माहितीये?" म्हणाला. तिथं 'प्रेमाची' घातलं. प्रेमाची शेवटची गाडी गेली. रूबीताई हसून म्हणाली, "हौ, प्रेमाच्या गाडीला डेपो कोणता म्हणायचा?" पण गायली. जीव ओतून गायली.

कॅसेटी आल्या तेव्हा मस्तगडातल्या हॉटेलात आम्ही सगळे जमलो. कव्हरवर तिचा फोटो होता, बोटं दिसणार नाहीत असा कापलेला. मालकानं कॅसेट घातली. बटण दाबलं. आणि एक बारीक, लाडिक, पोरसवदा आवाज गायला लागला. गाणं आमचंच होतं, बोंगोही माझाच होता, पण सगळं कुणीतरी मागं लागल्यासारखं पळत होतं. रूबीताईनं अर्धं गाणं ऐकलं.

"ही कोन हाय?" तिनं विचारलं.

"तूच की," सिंथेसायझरवाला म्हणाला. मग मान खाली घालून त्यानं सांगून टाकलं. आवाज फार भारी आहे, पोरीसारखा पाहिजे, असं कंपनीचं म्हणणं पडलं होतं. त्यांनी टेप जोरात फिरवून उतरवून घेतली होती. टेप जोरात फिरली की आवाज बारीक होतो. त्याला हे ठाऊक होतं, सांगायची हिंमत झाली नव्हती.

ती रडली नाही, भांडली नाही. बशीतला चहा पुन्हा कपात ओतला आणि म्हणाली, "मी बिलकुल न्हाई ही. माझा आवाज मला म्हाईत न्हाई का?" आणि उठून गेली. ते तिचं पहिलं उठून जाणं.

कॅसेट बाहेर कुठं चालली नाही. आमच्या जिल्ह्यात मात्र वाजत राहिली, कारण पोरगी आपली होती. त्यामुळं रूबीताईला सारखं उठून जावं लागायचं. आम्ही तिची थट्टा करायचो की तुझ्या सवतीनं तुला जालन्यातून हाकलायचं ठरवलंय. ती म्हणायची, "सवत बरी. नवरा तरी वाटून घेती. ह्या बाईनं माझं समदंच नेलं."

एकदा मंठ्याच्या बाजूला कार्यक्रम होता. दुपारी टेम्पोतून निघालो. मागं पेट्या, स्पीकर आणि त्यांच्यावर आम्ही. ड्रायव्हरच्या पोरानं आपला टेपरेकॉर्डर आणला होता, सेलवर चालणारा. त्या काळी लाइटचा भरवसा नसे, सेल महाग, म्हणून घरोघरी उतरलेले सेल उन्हात वाळवून पुन्हा वापरायचे. त्या पोरानं नेमकी तीच कॅसेट लावली. टेम्पोतून उतरून जाणार कुठं? रूबीताईनं पदर कानावर ओढला आणि बाहेर बघत बसली. थोड्या वेळानं सेल उतरायला लागले. गाणं सावकाश झालं. आवाज जरा खाली आला, अजून खाली आला. पोरगं चिडून सेल काढायला लागलं.

"थांब!" रूबीताई अशी ओरडली की ड्रायव्हरनं ब्रेकच मारला. "हात लावू नको. आता मी आले."

आणि खरंच ती आली होती. टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा, आजूबाजूला कपाशी, आणि त्या डब्यातून तिचा स्वतःचा, भारी, आतून आलेला आवाज. ती समोर बसलेली आणि तिथंही ती. माझ्या अंगावर काटा आला तो आजही आठवला की येतो. एक कडवं जेमतेम झालं. मग आवाज आणखी खाली गेला, बाईचा राहिला नाही, माणसाचा राहिला नाही, नुसती घरघर झाली आणि बंद पडला. रूबीताईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चला जल्दी, कार्यक्रम हाय."

तेव्हापासून तिचं ते बोलणंच झालं. कुठं तिची कॅसेट लागली आणि लोक म्हणाले, "ताई, तुमचं गाणं," की उठता उठता म्हणायची, "सेल उतरले की मी येते." ऐकणाऱ्याला वाटायचं बाईचं डोकं फिरलंय.

पुढं तिचं लग्न झालं. नवरा लोखंडाच्या मिलमध्ये होता, सरळ माणूस. गाण्याला त्याची ना नव्हती, पण गाणंच राहिलं नाही. गणपतीत व्हिडिओ आले, लग्नात नुसते मोठे स्पीकर आले, आमचा ऑर्केस्ट्रा मोडला. बोंगो माझ्या माळ्यावर गेला. रूबीताई निवडणीला जात राहिली. तिला मुलगी झाली, प्रज्ञा. रूबीताई मला राखी बांधायची म्हणून मी प्रज्ञाचा मामा. कधी घरी गेलो तर पोरीला छातीवर पालथी टाकून ही गात बसलेली असायची. तेच मंठ्याच्या गाडीचं गाणं, पण अंगाईसारखं संथ. मी म्हणायचो, "अगं, गाडी गेली म्हणून कुणी लेकराला झोपवतं का?" ती म्हणायची, "गाडी गेली म्हनल्यावर झोपायचंच की. जायचं कुठं हाय?"

प्रज्ञा शाळेत जायला लागली आणि रूबीताई काविळीनं गेली. चार दिवस अंगावर काढलं आणि मग हाताशी काही राहिलं नाही. तिच्या त्या आवाजाची एकही टेप कुणी करून ठेवलेली नव्हती. रोज ऐकू येणारी गोष्ट कोण भरून ठेवतो? मला मात्र पुढं कितीतरी वर्षं एक खोड लागली. मस्तगडात लाइट गेली, कुणाच्या घरात सेलवर काहीतरी वाजत असलं आणि ते सावकाश व्हायला लागलं की मी हातातलं काम टाकून ऐकत उभा राहायचो. कुणाचंही गाणं असो. बायको म्हणायची, "कोन आलंय?" मी म्हणायचो, "कोणी नाही." पण दाराकडं बघायचोच.

दोन हजार साल उलटून दहाएक वर्षं झाल्यावरची गोष्ट. पुण्याच्या काही हौशी पोरांनी ऐंशीच्या दशकातली विसरलेली गाणी हुडकून त्यांची सीडी काढली. त्यात आमचं गाणं होतं. पत्ता शोधत शोधत त्यांनी सीडी प्रज्ञाकडं पाठवली. सुरेख काम केलं होतं, खरखर सगळी काढली होती. आतल्या कागदावर लिहिलं होतं की या विस्मृतीत गेलेल्या गायिकेचा आवाज कोवळा आणि अवखळ आहे. कोवळा! मी एकटाच हसलो. पेपरात बातमी आली, लोक प्रज्ञाला फोन करायला लागले, आईचं नाव झालं. प्रज्ञा तोवर दवाखान्यात नर्स झाली होती. मला वाटलं, पोरगी हरखली असेल.

ती एका दुपारी आली. सीडीची पिशवी तिनं टेबलावर ठेवली आणि समोर बसली.

"मामा, एक इचारू? खरं सांगसान?"

"विचार."

"आई गेली तवा मी लहान होते. चेहरा फोटोमुळं आठवतो. बाकी काही न्हाई. पण मला वाटायचं आवाज हाय माझ्याजवळ. झोपताना येतो मला. मोठा, जाड, छातीतून ऐकू येतो तसा." तिनं सीडीची पिशवी बोटानं पुढं सारली. "मंग ही कोन गाऊन राह्यली? मी आठ दिवस ऐकून राह्यले. ही माझी आई वाटतच न्हाई. मी मनानंच बनवली का मामा आई? इतके वर्ष खोटंच ऐकत होते का?"

कंपनीनं एकदा त्या बाईचा आवाज नेला होता, आता तो पोरीकडूनही जायला निघाला होता. मी तिला स्टुडिओचं सांगितलं, जोरात फिरवलेल्या टेपचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण नर्सची नजर असते ना, नातेवाइकाचं सांगणं ऐकते आणि ब्लडप्रेशरच्या काट्याकडं बघते, तशी बघत राहिली. मी पुण्याच्या पोराला फोन लावला. फार अदबीनं बोलला. "सर, मूळ कॅसेट अशीच आहे. मुळाला आम्ही हात लावत नाही." मी म्हटलं, "बाबा रे, मूळ बाई वेगळी होती." त्याला काय कळणार!

मग मी माळ्यावर चढलो. बोंगोच्या मागं माझा जुना टेपरेकॉर्डर होता. माझ्याकडच्या कॅसेटीला बुरशी लागलेली, म्हणून प्रज्ञानं तिच्या घरच्या मशिनवर सीडीवरून गाणं नव्या कॅसेटवर उतरवून आणलं. आता पाहिजे होते उतरलेले सेल. नवे कुठंही मिळतात हो. उतरलेले कुणी विकतं का? मी दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "मास्तर, रिटायर झाल्यापासून तब्येत बराबर हाय ना?" शेवटी गल्लीतून टॉर्चचे मोठे सेल मागून आणले. कुणाचे अगदीच मेलेले, कुणाचे अजून जोमात. ते घालायचे, काढायचे, अदलाबदल करायची, असं आम्ही दोघं जमिनीवर बसून करत होतो. प्रज्ञाची बोटं बघत होतो मी. स्वच्छ होती.

एकदाची चक्रं फिरली. आधी ती बारीक आवाजाची पोरगी आली आणि गायला लागली. प्रज्ञानं तोंड फिरवलं, थेट आईसारखं. दुसऱ्या कडव्यापाशी बोंगो जरा अडखळला. गाणं मंद झालं. आवाज एकेक पायरी उतरत खाली यायला लागला. मला टेम्पो दिसायला लागला, कपाशी दिसायला लागली. आणि मग ती आली. माझ्या खोलीत, भर दुपारी, मरून इतकी वर्षं झालेली बाई आली आणि शेवटची गाडी गेल्याचं सांगायला लागली.

प्रज्ञा हळूच पुढं सरकली, तिनं टेपरेकॉर्डर उचलला आणि छातीशी धरला. डोळे मिटले. एक कडवं. तेवढंच. मग आवाज खोल गेला, घरघरला आणि थांबला. सवयीनं माझा हात बटणाकडं गेला. तिनं तो धरला.

"राहू द्या मामा. हीच हाय."

तेव्हा मी तिला आईचं ते बोलणं सांगितलं. सेल उतरले की मी येते. ती ऐकत राहिली, आणि मग नर्स इंजेक्शनची तयारी करते तितक्या शांतपणे तिनं एकेक सेल काढून ओढणीत घेतला.

"नवे नकोत," म्हणाली. "वर ऊन असंल ना अजून?"

आम्ही गच्चीवर गेलो. तिनं कठड्यावर सेल मांडले आणि शेजारीच बसकण मारली. खालून बायकोनं चहाची हाक मारली.

"तुम्ही जा मामा," प्रज्ञा म्हणाली. "मी बसते. हे तापले की आई अजून एखादं कडवं म्हणंल."