उरलेल्या गोळ्या

दवाखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीवर तो कामाला आहे. पाण्यात उतरलेली अँटिबायोटिक औषधं मोडणारी उत्प्रेरक भुकटी आम्ही यवतमाळच्या कॉलेजात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, कोळशापासून बनवतो. तपासायला पाणी तोच आणतो. पाणी कुठल्या वॉर्डातलं, ते कागदावर लिहून बाटलीला चिकटवतो आणि दर खेपेला विचारतो, "सर, मरून राह्यलं ना औषध?"

सोमवारी त्यानं बाटलीऐवजी गोळ्यांची पुडी पुढं केली.

"बायको गेली, सर. जंतूले औषधाची सवय झाली म्हने, एकबी गोळी लागू पडली नाही. ह्या उरल्या. नालीत कायले टाकू? तुमच्या भुकटीत टाका."

मी पुडी घेतली. तिच्यावरही त्यानं कागद चिकटवला होता. नेहमीच्याच अक्षरात लिहिलं होतं: घर.