थेंबांची दोन वर्षं

सासूबाईंचा उजवा डोळा मोतीबिंदूनं गेला, असं आमच्या घरात सांगतात. मी तसं सांगत नाही. तो लाडानं गेला. हे कुणाला आवडत नाही. न आवडो.

नवरा प्राथमिक शाळेत मास्तर. आमचं गाव ब्रह्मपुरीहून निघणाऱ्या एसटीचा शेवटचा थांबा, दवाखाना लांब. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं पोस्टानं होमिओपॅथीचा कोर्स केला आणि एक लाकडी पेटी आणली. पेटीत बुचाच्या बाटल्या, बाटल्यांत साबुदाण्याएवढ्या गोळ्या. सर्दी-खोकल्याला लोक यायचे आणि बरेही व्हायचे. सर्दी तशीही आठ दिवसांत जाते, असं मी एकदा म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी अबोला.

सासूबाई धानाच्या रोवणीच्या ओळीत सगळ्या बायांच्या पुढे असायच्या. त्या मागं पडू लागल्या, आणि भातात खडे लागू लागले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. नवऱ्यानं पुस्तक उघडलं, गोळ्या ठरवल्या, नागपूरहून डोळ्यात घालायचे सिनेरारियाचे थेंब मागवले. चिरफाडीची गरज नाही म्हणाला. औषधाबरोबर पथ्य आलं. कच्चा कांदा बंद, कापूर बंद, मोहफुलं वेचायला जाणं बंद, कारण उग्र वासानं औषधाचा गुण मरतो. चैत्रात आमच्याकडे मोहाचा वास नसलेली जागा मला कुणी दाखवावी.

"फरक काऊन पडत नाई?" मी विचारायची.

"हे औषध मुळापासून काम करते. आधी वाढते, मग उतरते," नवरा म्हणायचा.

म्हणजे कमी झालं तर औषधाचा गुण, वाढलं तरी औषधाचाच गुण. मला या हिशेबाची चीड यायची. आमचं घर धम्माची दीक्षा घेतलेलं. सासूबाईंनी आपल्या हातानं घरातले देव वैनगंगेत सोडले होते, भगताला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. कुणी काही सांगितलं की "कशावरून?" असं विचारणारी बाई. पण लेकाच्या पेटीपुढं तो प्रश्न तिच्या तोंडून कधी निघाला नाही.

दर रविवारी सकाळी अंगणात तपासणी व्हायची. नवरा चार पावलांवर उभा राहून बोटं दाखवायचा.

"माय, कितीक?"

"दोन."

"आता?"

"चार."

बरोबर यायचं. वहीत 'सुधारणा' असं लिहिलं जायचं. मला मात्र कळत नव्हतं, की बोटं बरोबर मोजणारी बाई चुलीजवळचा तांब्या चाचपडत का शोधते.

दुसऱ्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत उजवा डोळा लाल झाला. ठणका असा, की त्या कपाळ दाबून भिंतीला टेकून बसायच्या, उलट्या व्हायच्या. नवरा म्हणाला, औषधानं रोग उसळून वर आला आहे, म्हणजे आता उतार. पाच-सहा दिवसांत ठणका कमी झाला आणि तो हरखला. त्या रविवारी मी मुद्दाम अंगणात गेले. तपासणी नेहमीसारखीच, आधी दोन, मग चार, मग एक. दर रविवारी हाच क्रम, मास्तरांचा पाढा. मी नवऱ्याच्या जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "आता हात पाठीमागं घ्या आन् विचारा."

तो माझ्याकडे रागानं बघत राहिला. मग त्यानं हात पाठीमागं घेतले.

"माय, कितीक?"

"दोन," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं परत विचारलं. "चार," त्या म्हणाल्या, आणि हसल्या, कारण त्यांना वाटलं लेक खूश झाला असेल.

नवऱ्यानं वही धाडकन मिटली, तेव्हा त्यांना कळलं. त्या माझ्या दिशेनं वळल्या. "काऊन वं? माह्या लेकाले खोटं पाडून तुले का भेटलं?"

मला काय भेटलं? मला त्यांचे डोळे हवे होते. मी त्यांना तसंच सांगितलं, ओरडून सांगितलं. नवरा वही घेऊन आत गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी सासूबाईंना ब्रह्मपुरीला घेऊन निघाले. तो आडवा आला नाही, सोबतही आला नाही.

डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात दोन्ही डोळे पाहिले. उजव्यातला मोतीबिंदू पिकून फुगला होता, आतला दाब वाढून नस मेली होती. ठणका लागला त्याच दिवशी आणलं असतं तर कदाचित वाचला असता, म्हणाले. डाव्याचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्या न हलता पडून राहिल्या, ना कुरकुर, ना कण्हणं. पट्टी सुटली, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला. परतीच्या एसटीत त्यांनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता आशीर्वाद देतील.

"उजव्याचं त्याले सांगू नको," त्या म्हणाल्या. "पहिलेपासूनच गेला होता म्हणून सांग. त्याच्या जिवाले लागंल."

मी हो म्हटलं नाही. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी नवऱ्याला सगळं सांगितलं, डॉक्टर म्हणाले ते जसंच्या तसं, सासूबाईंच्या समोर. तो लहान पोरासारखा रडला. मलाही रडू आलं, पण एक शब्द मागं घेतला नाही. त्यानंतर डोळ्याचं दुखणं घेऊन कुणी दारात आलं, की तो स्वतः त्याला एसटीत बसवून द्यायचा.

सासूबाई पावसाळा लागेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मी अंगण झाडू दे, भात निवडू दे, त्या ओसरीवर बसून त्या जाड चष्म्यातून माझ्याकडे रागानं बघत राहायच्या. बघू द्या. बघत तर होत्या.