अस्ति आणि एस्ती

ग्लासगोच्या हॉस्पिटलात भूल देण्याच्या नोकरीला मला दुसरं वर्ष लागलं होतं. त्या सकाळी पहिला पेशंट गुडघा बदलायचा होता. पंचाहत्तरीचे आजोबा, उभी हयात क्लाइड नदीकाठच्या यार्डात जहाजांचं वेल्डिंग केलेले.

"मी तुमची अ‍ॅनेस्थेटिस्ट," मी म्हणाले.

"त्या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे का तुला, हेन?" तिकडे बाईमाणसाला प्रेमानं हेन म्हणतात. "ग्रीक आहे तो. आयस्थेसिस म्हणजे संवेदना आणि अन् म्हणजे नाही."

मी हातातली फाइल खाली ठेवली. "अन् तर आमच्यातही आहे. अन्-अंत, अनंत. पुढे स्वर आला की अन्, नाहीतर नुसता अ."

"अगदी तसंच आमच्यात!" आजोबा उठूनच बसले.

यार्ड बंद पडल्यावर ते लायब्ररीतल्या क्लासला जाऊन ग्रीक शिकले होते. रागानं शिकलो, म्हणाले. "शाळेत हेडमास्तर सांगायचे, आपण सगळे ग्रीकांचे वारस. लोकशाही, नाटक, भूमिती, सगळं तिथून आलं. पण ग्रीक शिकवायचे ते पलीकडच्या फीवाल्या शाळेत. आमच्या हातात रंधा. मग मी कसला वारस?"

मी त्यांच्या पाठीत इंजेक्शन दिलं. कमरेखाली बधिर, वर माणूस जागा. पडद्यापलीकडे सर्जननं हातोडी चालवायला घेतली आणि आजोबांची बडबड थांबली. हातोड्यांच्या आवाजात आयुष्य गेलेलं, पण हा आवाज स्वतःच्या हाडातला होता. मॉनिटरवर नाडी चढू लागली. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

झोपेचं औषध द्यावं का, असा विचार करत मी विचारलं, "ग्रीकमध्ये 'असणे' हे क्रियापद कसं चालवतात?"

"एइमी," ते पुटपुटले. "एइ. एस्ती."

"अस्मि, असि, अस्ति."

"काय? पुन्हा म्हण!"

दहावीला मी संस्कृत घेतलं होतं ते निव्वळ मार्कांसाठी. नागपूरच्या शाळेतल्या बाईंनी घोकून घेतलेली रूपं अशी ऑपरेशन थिएटरमध्ये कामी येतील, असं कुणाला वाटलं होतं? द्विवचनात मात्र मी अडकले. स्थः आधी की स्तः, आठवेचना.

"प्रार्थना चाललीय का तुमची?" पडद्यावरून सर्जननं विचारलं.

"नात्याची चौकशी चाललीय," आजोबा म्हणाले. नाडी खाली आली होती. औषध लागलं नाही.

दीड-दोन महिन्यांनी ते काठी टेकत तपासणीला आले आणि माझ्यासाठी चिठ्ठी ठेवून गेले: शनिवारी अकरा वाजता, लायब्ररी, वरचा मजला. मी गेले. टेबलाभोवती ग्रीक शिकणारे सात पेन्शनर. आजोबांनी माझी ओळख करून दिली, "हिच्याकडेही आहे अवर व्हर्ब."

इंग्रजीत अवर एकच. आमचं म्हणतायत की आपलं, कळायला मार्ग नसतो. मी आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते आपलं असं ऐकलं. शेजारच्या बाईंनी खुर्ची सरकवून मला रेडिएटरजवळ जागा दिली, आणि मी कोरी वही उघडून अल्फा गिरवायला घेतला.