ड्रायव्हरला विचारलेला झोपेचा प्रश्न

मंडळी, दुपारपासून डोकं चालत नाहीये, म्हणून इथे विचारते.

माझा कळंबोलीत, ट्रकतळाजवळ दवाखाना आहे. एका वैद्यकीय नियतकालिकाने ट्रकचालकांच्या झोपेवरचा शोधनिबंध माझ्याकडे तपासायला पाठवलाय. छापावा की नाही, हे उद्या कळवायचंय. आकडेमोड चोख वाटली, म्हणून 'हरकत नाही' असं मी लिहूनही ठेवलं होतं.

आज साताऱ्याकडचे एक ड्रायव्हर काका बीपी तपासायला आले. निबंधासाठी चालकांकडून जो फॉर्म भरून घेतलाय, त्यातला प्रश्न मी सहज विचारला, "काका, रात्री किती तास झोपता?"

"रात्री गाडी चालवतो की, मॅडम! झोप दुपारी, माल उतरेपर्यंत."

काका गेल्यावर मी निबंध पुन्हा उघडला. त्या फॉर्ममध्ये दुपारच्या झोपेबद्दल काहीच विचारलेलं नाही. मग 'चालकांना झोप फार कमी मिळते' हा निष्कर्ष कशाच्या जोरावर?

पण तपासायला आलेला निबंध छापून येईपर्यंत गोपनीय असतो. त्यातला प्रश्न पेशंटला विचारला, ही माझी चूक झाली का? आणि एका माणसाच्या बोलण्यावरून कुणाची एवढी मेहनत अडवायची?

शेवटी 'हरकत नाही' हे मत पाठवलं नाही आणि काकांचं नाव न घेता संपादकांना सगळं कळवलं. उत्तर अजून आलेलं नाही.

तुम्ही कळवलं असतंत का? मला तर वेगळंच खातंय. इतकी वर्षं ड्रायव्हरच तपासतेय, तरी निबंध वाचताना ही गोष्ट माझ्या लक्षात कशी आली नाही?