ओढ्यात थांबलेलं पाणी

टोकावड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी माझं सासर. नव्वदच्या दशकात मी तिथे नांदायला गेले, तेव्हा भातकापणी उरकली की गाव हळूहळू रिकामं व्हायचं. मुकादमाचा टेम्पो यायचा, अंथरुणं-भांडी वर चढायची आणि माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जायची. माझे थोरले दीर आणि जाऊ दरवर्षी जात. घरामागचा ओढाही त्याच सुमारास आटत जायचा. मला वाटायचं, माणसं आणि पाणी एकाच वाटेने उतरून कुठेतरी चालली आहेत.

एका वर्षी मुरबाडहून एसटीने एका संस्थेतली बाई आली. युरियाच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढा अडवा, असं तिचं सांगणं. पुरुष मंडळी ऐकून उठून गेली. आम्ही बायका थांबलो, कारण उन्हाळ्यात लांबच्या झऱ्यावर हंडे घेऊन आम्हीच जायचो.

जाऊ म्हणाली, "मी नायतरी जानारच हाय भट्टीवर. तवर लावते हात."

गोण्या भरल्या, शिवल्या, ओढ्यात रचल्या, फटींत चिकणमाती लिंपली. आधी पाणी नुसतं घोटाळलं. मग ते मागे मागे पसरू लागलं आणि ओळखीचे दगड एकेक करून बुडाले. काठच्या उंबराची सावली पाण्यात हलू लागली. मी धुणं घेऊन जायचे आणि धुणं विसरून बसायचे. ढग पाण्यातून इतके हळू सरकायचे की आपणच तरंगतोय असं वाटावं.

टेम्पो आला त्या सकाळी जाऊ घरात नव्हती. ती मला ओढ्यात दिसली, लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उभी.

"बाय, टेम्पो थांबलाय. भावोजी हाका मारतात."

"त्यांना सांग, मी येत नाय यंदा."

"मग करनार काय?"

"भेंडी लावीन. पानी हाय ना."

दीर रागानेच खाली आले. पण पाणी बघून काठावरच थांबले. म्हणाले, "आटलं तर?"

"आटलं तर येईन."

ते एकटेच गेले.

आम्ही दोघींनी ओढ्याकाठच्या आमच्या शेतात भेंडी लावली, हंड्यांनी पाणी घातलं, ओल टिकावी म्हणून बुंध्याशी पेंढा पसरला. मध्येच एकदा गोण्यांखालून पाणी पाझरू लागलं. थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आम्ही माती आणि पेंढा कोंबत राहिलो. पाझर थांबला तेव्हा जाऊ हसायला लागली, आणि तिचं बघून मीही.

शिमग्याला दीर आले, तेव्हा झाडं कमरेला लागली होती. त्यांनी एक कोवळी भेंडी तोडून कच्चीच खाल्ली. सण झाला, पण त्यांनी अंथरूण बांधलं नाही. दुसऱ्या दिवशी भेंडीच्या पाट्या घेऊन ते जीपने कल्याणला गेले आणि संध्याकाळी घरी जेवायला होते.

वैशाखात ओढ्यात डबकंच उरलं, पण दर उन्हाळ्यात कोरडी पडणाऱ्या गावच्या विहिरीला पाणी राहिलं. पुढेही काही घरं भट्टीवर जातच राहिली. सगळ्यांची शेतं ओढ्याकाठी नव्हती. बंधारा दर पावसात वाहून जायचा आणि कापणीनंतर आम्ही पुन्हा गोण्या भरायला बसायचो. आता पुरुषही येत. दीर माती कालवत, आणि जाऊ त्यांना सांगत असे, "घट्ट कालवा, पातळ नको."