मागून लिहिलेली वही

यंत्रावर माझा विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. नंदुरबारच्या ज्या वाचनालयातून मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो, तेथील जुन्या कागदपत्रांची छायाचित्रे घेऊन संगणकाकडून सूची करवण्याचे काम निघाले. बोलावणे नसताना मी रोज जाऊन बसू लागलो. क्षणात शंभर पाने वाचल्याचे सांगणाऱ्यावर लक्ष ठेवलेले बरे.

काम पाहणारा गृहस्थ रनाळ्याचा. मी एकच नोंद चौथ्यांदा पाहायला मागितली, तेव्हा तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही ते देवलेबी ओयखपत्र मांगशात."

"देवाने सूची केली असती, तर मागितले असते."

त्याच आठवड्यात मोलगीकडचा एक शेतकरी आला. वनजमिनीच्या दाव्यासाठी त्याला आजोबा ती जमीन कसत होते याचा लेखी पुरावा हवा होता. सुनावणी सोमवारी होती. डोंगरातल्या एका दिवंगत शिक्षकाच्या वह्या आमच्याकडे आल्याचे त्याने ऐकले होते.

"आजा सांगत होता, मास्तर लिहीत होता. मी जवळ बसलेलो."

रनाळ्याच्या गृहस्थाने संगणकात त्याच्या पाड्याचे नाव घातले. काही निघाले नाही.

"मशीनमा नही शे, आप्पा."

"कपाटात आहे," मी म्हणालो आणि वही काढली.

त्या शिक्षकाला कागद वाया घालवणे मान्य नव्हते. वहीत पुढून शाळेची हजेरी. आणि वही उलटी फिरवून, मागून, कोणता उतार कोण नांगरतो याची टिपणे. छायाचित्रांत ती पाने डोके खाली करून आली होती. यंत्राने ती वाचता न येणारी ठरवली आणि सगळी वही 'हजेरीपत्रक' म्हणून नोंदवली. आजोबांचे नाव मागून सातव्या पानावर होते. शेतकऱ्याने ते दोनदा वाचले, प्रत घेतली आणि जीप चुकू नये म्हणून लगेच निघाला.

चूक पुराव्यानिशी दाखवावी, म्हणून मी जुन्या कार्डांचा खण ओढला. त्या वहीचे कार्ड माझ्याच अक्षरातले होते. 'हजेरीपत्रक.' एवढेच. मागची बाजू मला ठाऊक होती. म्हणूनच ती लिहायची राहिली. त्या दिवशी मी घरी असतो, तर माझ्या कार्डानेही त्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवले असते.

रनाळ्याच्या गृहस्थाने कार्ड वाचले. त्याने ते पेनासकट माझ्यापुढे सरकवले.

मी कार्डावर लिहिले: 'मागून, वही उलटी धरून वाचावी.' मग ती पाने सरळ करून पुन्हा घ्यायला लावली आणि नवी नोंद स्वतः तपासली.

हल्ली मी माझी जुनी कार्डे घेऊन बसतो. प्रत्येक वही दोन्ही बाजूंनी उघडतो. अजून दोन कपाटे बाकी आहेत.